सोफ्याचं दुसरं टोक

सोमवार, ४ तारीख

विहीणबाई,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायचं की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवीन.

काल दुपारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. सूनबाई म्हणाली, "आई, मम्मी रागावली की माझाही उचलत नाही. दोन दिवस जाऊ द्या." ती तुमची लेक, तिला सवय आहे. मला नाही, म्हणून लिहायला बसले. कागद निदान मध्येच कट करता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी सोफा सोडला नाही.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही खालच्या अंगाला होतात, उलट्या पावलांनी उतरत होतात. मी वरचं टोक धरून होते. तुम्ही ओरडलात, "डावीकडे!" मी डावीकडेच वळत होते. तेवढ्यात माझा पडदा जागच्या जागी थिजला. तुम्ही एका पायावर, सोफा तिरका, शेल्फावरचे कप हवेत, सगळं तसंच. आणि चित्र परत हललं तेव्हा तुम्ही जिन्यात नव्हताच. खिडकीतून बाहेर पडून खालच्या कारंज्यात बसला होतात, डोक्यावर सोफा. मला हसू आलं हे खरं. माइक चालू होता हेही खरं. पण हसली म्हणजे तिनेच पाडलं, हा कुठला न्याय?

हे पत्र भलत्या कुणाच्या हाती लागलं तर त्याला वाटेल, दोन विहिणी या वयात हमाली करतात. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे म्हणून बरं. तुम्ही तुमच्या गावात, मी माझ्या, आणि मधे एकच सोफा. एकीने टोक सोडलं की दुसरी गेलीच. अहो, माझा उभा जन्म सोफे शिवण्यात आणि गाड्यांच्या सीटला कव्हरं घालण्यात गेला. मी सोफा जिन्यावरून सोडीन का? खेळातला असला म्हणून काय झालं!

सूनबाईचं निदान असं की आमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हातारा झाला. खेळाची नवी आवृत्ती आली त्यात घरं सामानाने खच्चून भरलीत. प्रत्येक कप कुठे पडेल, कुठे घरंगळेल, याचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. आमचा बिचारा हिशेब करत बसतो, तोवर तुम्ही कारंज्यात. मग तो बदलायचा की आहे त्यावर भागवायचं, हा प्रश्न आता आमच्या घरात पडला आहे.

लग्नातलं जुनं मी उकरून काढत नाही. तुम्ही चार पाहुण्यांसमोर जे बोललात ते मी कधीच विसरले आहे. पण त्याचा सूड म्हणून मी तुम्हाला खिडकीतून टाकीन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखलंच नाही. सूड घ्यायचा असता तर तिसऱ्या मजल्यावर कशाला घेतला असता, गच्चीवर वाट बघितली असती.

'सप्रेम'चं अजून ठरत नाही.

तुमची विहीण


गुरुवार, ७ तारीख

विहीणबाई,

नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, केसपेपरच. नर्सिंगमधून निवृत्त झालात, पण मेट्रनबाई काही तुमच्यातून निवृत्त होत नाहीत. "चोवीस तारखेला जोडीचा सामना. मशीन तोवर सुधारणं आवश्यक. अन्यथा शेजारचे डेंटिस्ट तयार आहेत." खाली सही. मायेचा एक शब्द तरी असावा!

डेंटिस्ट? अहो, त्यांना सगळा जन्म दुसऱ्याच्या उघड्या तोंडात बघायची सवय. त्यांना जिना कसा दिसणार? बरं, तुमची मर्जी. मला काय त्याचं.

मला काय त्याचं असं लिहिलं खरं, पण पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला.

म्हणून आज दुकान लवकर बंद केलं आणि कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याला आमच्या प्रोसेसरचं नाव सांगितलं तर त्याने अशी मान हलवली की मला वाटलं, आता हा माणूस दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळतो. म्हणाला, "मावशी, हा आता विसरा. नवा घ्या." घेते म्हटलं. "पण नवा ह्या मदरबोर्डवर बसणार नाही." मग? "मदरबोर्डही नवा. त्याला ही जुनी मेमरी चालणार नाही, तीही नवी." मी म्हटलं, "मग माझं काय राहिलं?" तर म्हणे, "कॅबिनेट राहील ना." म्हणजे शर्टाचं बटण लावायला आलेल्या माणसाला शिंप्याने सांगावं, बटण ठेवू आणि शर्ट नवा शिवू. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

सूनबाईने दुसरी वाट काढली आहे. याच प्रोसेसरचा एक थोरला भाऊ आहे, त्याच जागेवर बसतो, अंगात जोर जास्त. नवा कुठे मिळत नाही, पण कॉम्प्युटरवाल्याकडे एक वापरलेला आहे. मदरबोर्डला त्याची ओळख करून द्यावी लागते म्हणे, ते ती करेल. अर्ध्या दिवसाचं काम.

सोपं आहे, नाही का? तरी माझा हात पुढे होत नाही. का ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, शेवटी लेक तुमची आहे.

ती लग्न होऊन आली त्या महिन्यात घरात मुकाट वावरायची. विचारलं की "हो आई", "नाही आई". मलाही काय बोलावं सुचेना. एक दिवस खोकी मागवली आणि जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडून बसली. मला म्हणाली, "आई, टॉर्च धरता का?" मी धरला. हा प्रोसेसर तिने चिमटीत असा उचलला, जशी मी काचेचा मणी उचलते, आणि मला म्हणाली, "श्वास रोखा." तिच्याबरोबर मीही रोखला. तो बसला आणि दोघींनी एकदमच श्वास सोडला, आणि मग जे हसत सुटलो ते आमचे चिरंजीव घरी येईपर्यंत. त्या दिवसापासून ती घरात गाणं म्हणायला लागली. आता तोच काढून डबीत टाकायचा म्हणजे जिवावर येतं. सूनबाईला त्याचं काहीच वाटत नाही. "आई, तो चिप आहे," म्हणते. चिप आहे, कळतं मला.

कॉम्प्युटरला मी जपते तरी किती! बाहेर रस्ता खोदलाय, धूळ मरणाची. म्हणून गेल्या महिन्यात त्याला रेक्झिनचं कव्हर शिवलं. मरून रंग, कडेने क्रीम पायपिंग, समोर हवेसाठी जाळीची खिडकी. अंगाबरोबर बसलंय. आमच्या घरात उघडं काही राहत नाही, फोनपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळ्यांना अंगभर कपडे. तुमच्याकडची पद्धत वेगळी, ते मी लग्नातच ऐकलं आहे.

तुमची विहीण


सोमवार, ११ तारीख

विहीणबाई,

नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. दातवाल्यांबरोबर सराव चालला असेल. चालू द्या.

मी एकटीने सराव केला. सूनबाईने आधी चित्राची झकपक कमी करून बघितली. भिंती चपट्या झाल्या, सावल्या गेल्या, पण अडकणं तसंच. ती म्हणाली, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि वस्तू कशी पडेल हे ठरवणारा प्रोसेसर वेगळा. चित्रकाराला कितीही विश्रांती दिली तरी हिशेबनीस थकायचा तो थकतोच.

आणि विचित्र असं, की सुरुवातीला तो छान पळतो. पहिलं कपाट मी एकटीने ढकलत दारापर्यंत नेलं, मख्खनसारखं. दुसरं कपाटही ठीक. मग दहाएक मिनिटांनी धापा टाकायला लागतो. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. जिना चढताना आमच्या यांचं व्हायचं अगदी तसं. मग बंद करावा, चहा प्यावा, परत सुरू करावा, की पुन्हा दहा मिनिटं तरुण. म्हातारपण असं ये-जा करतं का हो? माझं तर एकदा आलं ते मुक्कामालाच आहे.

आता एक सांगते, हसू नका. काल दुपारी तुमचा खेळ मी बाहेरून बघितला. या खेळात प्रेक्षक म्हणून शिरता येतं, ते सूनबाईने शिकवलं. तुम्ही आणि दातवाले पियानो उतरवत होतात. तुम्ही "सावकाश" म्हणालात आणि त्यांनी तो सरळ सोडून दिला. पियानो जिन्यावरून एकेक पायरी वाजवत खाली गेला. मी इतकी हसले की आमच्या दुकानातला कारागीर कात्री हातात घेऊन बघायला आला. तुम्ही त्यांना एका शब्दाने बोलला नाहीत. मला मात्र कारंज्याबद्दल किती बोललात! आपल्या माणसावरच ओरडता येतं असं म्हणतात. तसं समजू का?

माझा पहिला दिवस आठवतो? सूनबाईची नवी नोकरी, तुमच्याबरोबर रोज खेळायला तिला जमेना, तर मला म्हणाली, "आई, आज माझ्याऐवजी बसा, मम्मीला सांगू नका." आपण दोघी लग्नापासून एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. मी बसले. तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. पण तुम्ही सोफा दारातून ओढताना त्याची कड चौकटीला घासली आणि माझ्याच्याने राहवेना. "अहो, पायपिंग जाईल ना!" मग तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, तुम्ही?" आणि मी म्हटलं, "हो, पण आधी सोफा सरळ करा." त्यानंतर रोज दुपारी चारचा चहा मी कॉम्प्युटरसमोरच घेते आहे.

तर असं. मी ठरवलं आहे. तो थोरला भाऊ घेणार. कॉम्प्युटरवाल्याने शनिवारपर्यंत बाजूला ठेवला आहे. टॉर्च पुन्हा मी धरीन, श्वासही रोखीन. चोवीस तारीख दातवाल्यांना देऊन टाकू नका.

तुमची विहीण


शुक्रवार, १५ तारीख

विहीणबाई,

नमस्कार.

घाईत लिहिते. तुमचा केसपेपर पोचला. जसाच्या तसा सूनबाईला वाचून दाखवला:

"लक्षणं: विश्रांतीनंतर बरं, दहा मिनिटांनी धाप. वयाने असं होत नाही. ताप बघितला का? ताप न बघता औषध बदलू नये."

सूनबाईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "मम्मीने बघा, न बघता ओळखलं. मी रोज समोर बसून बघितलं नाही." कॉम्प्युटरचा ताप दाखवणारा एक प्रोग्राम असतो, तो तिने लावला. मी खेळायला बसले. आकडा चढत चढत पंच्याण्णव सेल्सिअसपर्यंत गेला आणि त्याच क्षणी कपाट अडकलं. इतका तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो म्हणे, जळू नये म्हणून. म्हणजे तो दमला नव्हता. तो तापाने फणफणत होता आणि मी त्याच्याकडून कपाटं उचलून घेत होते.

ताप कशामुळे, ते सापडलं आहे. कारण अगदी किरकोळ आहे. तुम्हाला सांगण्यासारखं त्यात काही नाही. दूर केलं, संपलं.

कॉम्प्युटरवाल्याला थोरला भाऊ नको म्हणून कळवलं. त्याने विचारलं, "का हो मावशी?" त्यालाही सांगितलं नाही.

बाकी सर्व ठीक.

तुमची विहीण


सोमवार, १८ तारीख

विहीणबाई,

नमस्कार.

घरचा भेदी! तुमच्या लेकीने फोनवर तुम्हाला सगळं सांगितलं, आणि तुम्ही एवढ्या हसलात की तिने फोन कानापासून लांब धरला आणि तुमचं हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. मधे तुम्हाला ठसका लागला तोही ऐकला. पाणी प्यालात ना?

ठीक आहे. आता लपवून काय उपयोग. कव्हरच होतं.

समोर जाळी ठेवली होती हो मी! हवा आत जायची सोय केली होती. मागून धूळ शिरू नये म्हणून तिकडे दुहेरी रेक्झिन घेतलं, आत पातळ फोम, आणि वेल्क्रोने घट्ट बंद. आता मला काय माहीत की गरम हवा बाहेर फेकणारा पंखा नेमका मागेच असतो? सूनबाई टेबलाखाली वाकली, वेल्क्रो उघडला, आतून इस्त्रीच्या दुकानासारखी वाफ आली. ती तिथेच खाली बसून म्हणाली, "आई, तुम्ही ह्याला उन्हाळ्यात स्वेटर घातलाय." तिने कव्हर रोज बघितलं होतं, पण समोरून. जाळी बघून तिला वाटलं, आईंनी विचार केलाय. विचार केलाच होता, अर्धा. आणि खेळाची नवी आवृत्ती नेमकी त्याच आठवड्यात आली, म्हणून सगळ्यांनी बिचाऱ्या प्रोसेसरच्या वयावर बोट ठेवलं.

कव्हर काढल्यावर ताप सत्तरच्या खाली. तासभर खेळले, एकदाही अडकला नाही.

आता तुमच्या ओठांवर काय आलं असेल ते मला इथे दिसतंय. "आमच्याकडे झाकत नाहीत." म्हणा. एकदा म्हणून टाका. लग्नाच्या वेळी मी तुमच्यासाठी सोफा कव्हरचा अख्खा सेट शिवून आणला होता. दुकानातली सगळी कामं बाजूला ठेवून, स्वतःच्या हाताने. माप घ्यायला आमच्या चिरंजीवांना तुमच्याकडे पाठवलं होतं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "घालून तर बघा, कसं दिसतं ते." आणि तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे सोफा झाकत नाहीत." कव्हरं कपाटात गेली. विसरले म्हणून पहिल्या पत्रात लिहिलं ना, ते खोटं होतं. मला फार लागलं होतं. मला दुसरं काही येत नाही हो. कुणी आवडलं की मी त्याच्यासाठी कव्हर शिवते.

पण ते एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला. चोवीसला मला खेळायचं आहे, आणि तुमच्याबरोबरच खेळायचं आहे. दुपारचे चार वाजले आणि समोर तुम्ही नसलात की मला करमत नाही. हे तोंडाने सांगणं जमलं नसतं. दातवाल्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पियानोचं निमित्त आहेच.

मशीनची हमी देते. माझीही देते.

तुमची विहीण


सोमवार, २५ तारीख

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

आज ठरवायला वेळ लागला नाही.

कालचा सामना संपल्यावर तुम्ही पुष्कळ बोलत होतात आणि मी नुसती "हो, हो" करत होते. तुम्हाला वाटलं असेल, विहीणबाई दमल्या. दमले नव्हते. सूनबाई पेढ्यासारखं तोंड करून माझ्याकडेच बघत होती, तिच्यासमोर मनातलं बोलायचं कसं? म्हणून आज नीट लिहिते.

सुरुवात काय झाली आपली! पहिला पलंग तुम्ही "एक, दोन, तीन" म्हणायच्या आधीच उचललात, मेट्रनबाई. दुसऱ्या मजल्यावरचं कपाट दारात आडवं अडकलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेशंटला कुशीवर घ्या." आणि ते खरंच कुशीवर घेतल्यावर बाहेर आलं. सूनबाई मागे उभी राहून ताप वाचत होती, "सहासष्ट, अडुसष्ट, सहासष्ट." तुमच्या वॉर्डातसुद्धा एवढी काळजी कुणाची घेतली नसेल.

मग सोफा. तोच जिना, तेच वळण, तीच मेली खिडकी. आपल्यामागे दुसरी जोडी फ्रिज घेऊन येत होती. तुम्ही खाली, मी वर. आणि बरोबर त्या वळणावर, वेळ संपत आलेला असताना, तुम्हाला काय बुद्धी झाली कुणास ठाऊक. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, तुमचं कव्हर बसलं नव्हतं."

मी थांबले. तुम्ही ओरडलात, "परत अडकला का?" सूनबाईही ओरडली, "आई, अडुसष्टच आहे!" प्रोसेसर ठणठणीत होता. मीच अडकले होते.

आणि तुम्ही तिथे, जिन्यात, डोक्याशी सोफा आणि पाठीशी खिडकी घेऊन सांगत राहिलात. की पाहुणे यायच्या आधीच तुम्ही कव्हर घालून बघितलं होतं. तीन सीटरला हातभर कमी पडत होतं. ओढून बघितलं, उलटं करून बघितलं, नाहीच. आणि मग मी चारचौघांत म्हटलं, घालून तर बघा. "एवढी नावाजलेली कारागीर, आणि लेकीच्या लग्नात पाहुण्यांपुढे तुमची फजिती होऊ द्यायची? मला सुचलं ते बोलले. तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नाही. आणि नंतर सांगावं तर तुम्ही बोलायलाच तयार नाही."

मागची फ्रिजवाली जोडी ओरडत होती, "आजी, रस्ता सोडा!" तुम्ही त्यांना म्हणालात, "थांबा जरा, घरचं बोलतोय."

मला आधी हसू आलं का रडू, ते सांगता येणार नाही. माइक चालू होता, तुम्ही ऐकलंच असेल. मी म्हटलं, "पायरी सांभाळा, येते." आणि आपण तो सोफा खाली नेला. कडेला एक ओरखडा न पडता. चौथ्या आलो, पण "एकही वस्तू न खरचटता" असा जो बिल्ला मिळाला तो मला सोडून कुणाला मिळणार होता? पहिल्या आलेल्या जोडीने आरसा फोडला. मी बघितलं.

रात्री जेवताना मी चिरंजीवांना समोर बसवलं. विचारलं, "तू सोफ्याचं माप कसं घेतलंस?" आधी म्हणाला, टेपने. मी म्हटलं, खरं सांग. तर सूनबाईच फिदीफिदी हसायला लागली. म्हणाली, "आई, टेपचं एक टोक ह्याने माझ्याकडे दिलं होतं." आणि? "आणि आम्ही बोलत होतो." कुठल्या आकड्यावर बोट होतं ते दोघांनाही माहीत नाही! सोफ्याचं माप घ्यायला गेलेला माणूस सोफ्याकडे बघतच नव्हता. आणि मी, नवं गिऱ्हाईक आलं तर स्वतः जाऊन दोनदा मापं घेणारी, मी त्या आकड्यावर विश्वासून कात्री चालवली. कारागिराने हे केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. मुलाला हाकलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या मापाच्या वेळीच दोघांची मनं जुळली, तेव्हा तक्रार तरी कुठे करू?

प्रोसेसरचं विचारलंत. आहे तोच ठेवला. सूनबाई म्हणते, पुढच्या फेरीत मोठं हॉटेल आहे, शेकडो खुर्च्या, तिथे तो कमी पडेल. पडला तर थोरला भाऊ आणू. पण ताप बघून, माप घेऊन, मगच. सध्या म्हातारा खुशीत आहे. कव्हर मी टाकलेलं नाही. मशीन बंद असलं की घालते, सुरू करताना काढते. यावर तुम्हाला एखादं सुभाषित सुचलं असेल तर कृपा करून ते दातवाल्यांना ऐकवा.

आणि आज सकाळी फोनवर आलेल्या तुमच्या मेसेजची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "सोफा आता जुना झाला आहे, कापड विटलं आहे, तुम्हाला सवड असल्यास कव्हर चालेल." सवड असल्यास! अहो, मी कापड काढूनसुद्धा ठेवलं. गडद निळं, पायपिंग तुम्ही निवडा. शनिवारी सकाळी निघते, दुपारच्या चहाला तुमच्याकडे. टेप माझी स्वतःची, माप माझ्या हाताने. दोन दिवस राहीन म्हणते, चालेल ना? त्या दोन दिवसांत चार वाजता एकाच टेबलाशी बसून खेळू. दातवाल्यांनाही बोलवा, त्यांना सोफा धरायचा कसा ते दाखवते.

तुम्ही एकच करा. मागच्या बाजूचं माप लागेल, तेव्हा सोफा भिंतीपासून थोडा पुढे ओढून ठेवा.

नको. थांबा. एकटीने ओढू नका, कंबर धरेल. तसाच राहू द्या. मी आले की एक टोक तुम्ही धरा, दुसरं मी धरते.

तुमचीच,
विहीण